दुसऱ्यांनी प्रार्थना केल्याने रुग्ण लवकर बरा होतो का?

नाही, नीट तपासून पाहिल्यावर तसा फरक दिसलेला नाही. २००६ साली अमेरिकेत १,८०२ बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी भाविकांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं; प्रार्थना १४ दिवस चालली. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ठाऊक नसलेल्यांपैकी, प्रार्थना झालेल्या ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, न झालेल्या ५१ टक्क्यांना. ‘प्रार्थना होणारच’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात तर ५९ टक्के! (आपली प्रकृती इतकी गंभीर आहे का, ही धास्ती असू शकते.) मात्र हे परक्यांच्या प्रार्थनेपुरतं. स्वतः प्रार्थना करून मनाला धीर येत असेल तर जरूर करा, फक्त औषध थांबवू नका.