वाया गेलेली पट्टी हा पुरावा नव्हे

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीला बारावी कॉमर्सला 78 टक्के आहेत आणि तिला हाताने चांदीचे दागिने घडवायचेत. वडिलांनी नक्षीची बेझेल पट्टी, म्हणजे खड्याभोवती वळवून त्याला धरून ठेवणारी, वर पाकळ्या असलेली चांदीची पट्टी, आणून दिली. डाग देताना, म्हणजे चांदी चांदीला जोडताना, दोन महिन्यांत तिने निम्मी जाळली. ते लिहितात, "हात तयार नाही हे तिनेच दाखवलं. आता बीबीए करावं, दागिने छंद म्हणून."

साहेब, मला काळजी तुमच्या या वाक्याची वाटते. दोन महिन्यांत कुणाचाच हात तयार होत नाही. मुलगी जळालेला तुकडा घेऊन तुमच्यासमोर येते, तेव्हा तुम्ही तो तिच्याविरुद्ध नोंदवून ठेवता. असं चाललं तर ती तुकडे लपवायला लागेल, आणि मग चूक कुठे झाली हे कुणीच सांगू शकणार नाही. शिवाय ती चांदी बुडालेली नाही, मोडीत जाते. डाग, म्हणजे जोडणीचा मिश्रधातू, लागलेले तुकडे मात्र वेगळे ठेवा, त्यांना भाव कमी मिळतो.

आता ती पट्टी का जळते ते बघा. पट्टी जेमतेम 0.3 मिमी जाड, वरच्या पाकळ्यांची टोकं त्याहून नाजूक. ती ज्यावर जोडायची तो खालचा पत्रा 0.5 मिमीचा. ज्योत वरून दिली की पत्रा तापायच्या आत पाकळ्या वितळतात. जाळीवर ठेवून पत्रा खालून तापवायचा. डागाचे बारीक तुकडे घराच्या, म्हणजे पट्टीच्या वळवलेल्या कड्याच्या, आतल्या बाजूला ठेवायचे, नाहीतर डाग नक्षीत भरतो. पट्टीची टोकं जुळतात त्या सांध्याला कडक डाग, म्हणजे जास्त उष्णतेवर वितळणारा; नंतर पत्र्याला जोडताना मऊ, कमी उष्णतेवर वितळणारा. उंची जास्त झाली तर साध्या कडेने घासायचं, नक्षीच्या नव्हे.

मापाचं गणितही आहे. 12 मिमीचा गोल खडा, त्यात पट्टीची जाडी मिळवून 12.3 गुणिले 3.14, म्हणजे साधारण 38.6 मिमी. पण नक्षी मधेच तोडता येत नाही. पाकळी 3 मिमीची असेल तर 13 पाकळ्या, 39 मिमी. खडा अलगद बसतो. 2.5 मिमीची असेल तर 15 पाकळ्यांत खडा जात नाही, 16 मध्ये खुळखुळतो. अशा वेळी खडा बदलायचा, पट्टी ओढूनताणून बसवायची नाही. कॉमर्सच्या मुलीला हे जमणार नाही?

"ज्वेलरी डिझाइन म्हणजे चित्रकला, हिची चित्रकला बेताची" हा तुमचा समज तर पूर्ण चुकीचा आहे. घडवणाऱ्याला माप, आग आणि धीर लागतो. कागदावरच्या सुंदर पाकळीला डाग कुठून द्यायचा हे ठाऊक नसलेला डिझायनर शेवटी कारागिरालाच विचारतो.

एनआयडी, निफ्ट या डिझाइन संस्थांच्या प्रवेश परीक्षा आहेत, मुंबईची आयआयजीजे ही दागिन्यांचं शिक्षण देणारी संस्था आहे; चौकशी करा. बीबीएचा निर्णय सध्या थांबवा. चांदीकामाचं हुपरी तुमच्यापासून लांब नाही. तिथल्या एखाद्या कारागिराकडे तिला तीन महिने बसू द्या. त्याआधी 12 मिमीचे दहा खडे आणि 3 मिमी पाकळीची पट्टी आणून द्या. दहाही घरं तारीख घालून एका डबीत ठेवायला सांगा, जळालेली धरून. ती डबी घेऊन दोघं या.