अकरा तासांचे ठिपके

पोरी,

रविवारी तू समोरचे तर्री-पोहे गार करून टाकलेस आणि तीनदा एकच विचारलंस, "सर, जंगलात राहू की डेटावर काम करू?" मी विषय बदलला, कारण चिडलो होतो. तुझ्यावर नाही.

परदेशात जा, कोडिंग शीक, मॉडेलं बांध. माझी काही हरकत नाही. फक्त ठिपक्यापर्यंत चालत जा.

जनावराच्या गळ्यातली कॉलर ठरावीक तासांनी जागा कळवते, नकाशावर ठिपका उमटतो. दोन जागांमध्ये संगणक सरळ रेघ मारतो. वाघ कधी तसा चालतो का? तो नाला धरतो, धुऱ्याच्या आडोशाने सरकतो, दिवसभर कुणाच्या पऱ्हाटीत पडून राहतो आणि कास्तकाराला पत्ता लागत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्याचा तो नर वाघ १३०० किलोमीटरहून जास्त चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा सगळ्यांनी वेडीवाकडी रेघ पाहून तोंडात बोट घातलं. त्या रेघेखाली वावरं होती, रस्ते होते, आणि तारा होत्या.

तारांचं उगाच म्हणत नाही. एकदा आमच्या कॉलर लावलेल्या बिबट मादीचे ठिपके अकरा तास एकाच जागी साचले. मे महिना, जीप बिघडलेली. मी वहीत लिहिलं, 'शिकारीवर बसली असावी', आणि कूलर लावून झोपलो. दुसऱ्या दिवशी ढोरक्याने निरोप धाडला. रानडुकरांसाठी लावलेला फास तिच्या कमरेत रुतला होता. तार पोचेल तिथवर तिने माती गोल खरवडली होती, वीतभर खोल, आणि त्या गोलात गवताची एक काडी उरली नव्हती. माझ्या घरापासून दोन तासांची वाट. वहीतलं ते वाक्य मी खोडलेलं नाही.

म्हणून म्हणतो, ठिपक्यापर्यंत चालत जा. दर वेळी जमणार नाही, मला ठाऊक आहे, ते मला शिकवू नकोस.

लोक म्हणतात, हा माणूस नागपुरात कुजला. दोन बऱ्या नोकऱ्या सोडल्या, शोधनिबंध मोजकेच, गुडघे कामातून गेले. मुलगी म्हणते, बाबा, तुमचा नुसता हट्ट. असेल. पण पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या ४४ नंबरच्या महामार्गाखाली जनावरांसाठी ९ वाटा सोडल्यात, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत रुंद. त्यातली कुठली चितळाला आवडते आणि कुठे ते कान टवकारून परत फिरतं, हे मला कुणाच्या आलेखाने नाही सांगितलं. वर ट्रक धडधडत असतात आणि खाली ओल्या वाळूत चितळाचे खूर, त्यांच्यावर उमटलेली रानकुत्र्यांची पावलं. कोण आधी गेलं, कोण मागून, बसून वाचावं लागतं. याला कुजणं म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

असो, पत्र तुझ्यासाठी होतं, माझी कैफियत मांडायला नाही.

शनिवारी पहाटेच्या गाडीने देवलापारला ये. मी चहाच्या टपरीवर असेन. नाल्यापर्यंत माझे गुडघे साथ देतील, पुढे ढोरकी दादा नेईल. त्याच्याशी नीट बोल, त्याला घाई केलेली चालत नाही. दोन लिटर पाणी आण. आणि त्या पांढऱ्या बुटांत येऊ नकोस.

तुझा,
सर