ताप कितव्या दिवसाचा, त्यावर तपासणी ठरते

प्रश्न : मुलाला ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या कार्ड टेस्टमध्ये डेंग्यूचे एनएस-१ निगेटिव्ह आले आणि सातव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये आयजीएम पॉझिटिव्ह आले. खरा रिपोर्ट कोणता मानावा? कालपासून मुलीलाही ताप आहे. तिची कोणती तपासणी करावी?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एनएस-१ हे विषाणूचे स्वतःचे प्रथिन असून ते तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत रक्तात सापडते. आयजीएम ही शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे असून ती बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात आणि दोन-तीन महिने टिकतात. मात्र मुलाला पूर्वी कधी नकळत डेंग्यू होऊन गेला असेल, तर त्या वेळची प्रतिपिंडे एनएस-१ला चिकटून बसतात आणि विषाणू अंगात असूनही तपासणी निगेटिव्ह येते. त्यातून कार्डावरची रेघ कधी इतकी फिकट उमटते, की ती आहे की नाही यावर पाहणाऱ्यांचेच एकमत होत नाही. एलायझा या प्रयोगशाळेतल्या तपासणीत मात्र नमुन्यात उमटलेल्या रंगाची तीव्रता यंत्र मोजते, म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमात डेंग्यूच्या निश्चितीसाठी एलायझाच ग्राह्य धरतात. त्यासाठीचे आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था निवडक सरकारी केंद्रांना पुरवते.

आयजीएमलाही मर्यादा आहे. झिका हा डेंग्यूच्याच कुळातला विषाणू असल्याने दोघांची प्रतिपिंडे एकमेकांच्या तपासणीत पॉझिटिव्ह येऊ शकतात. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातला पहिला झिका रुग्ण आढळल्यापासून हा प्रश्न आपल्यालाही जवळचा झाला आहे. अशा वेळी पहिल्या काही दिवसांतली आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणीच नेमका विषाणू ओळखते. चिकुनगुनियाचे कूळ वेगळे आहे, पण डास तोच. सांधे फार दुखत असतील तर त्याची तपासणी वेगळी मागावी लागते.

मुलीचा ताप कालचाच आहे, त्यामुळे आज आयजीएम करून उपयोग नाही. एनएस-१ शक्यतो एलायझानेच करून घ्या, सोबत हिमॅटोक्रिटसह (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) रक्तगणना करा आणि लॅबच्या अर्जावर ताप सुरू झाल्याची तारीख आठवणीने लिहा. दुर्दैवाने तीच जागा बहुतेक वेळा कोरी राहते. एनएस-१ निगेटिव्ह आले तरी ताप किंवा शंका कायम असल्यास पाचव्या दिवसानंतर आयजीएम करावे. तोवर डॉक्टरांच्या सल्ल्याने फक्त पॅरासिटामॉल द्या, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. आणि पोटात जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर ताप उतरलेला असला तरी, रिपोर्टची वाट न पाहता तिला तातडीने रुग्णालयात न्या.