पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात का चालत नाही?

आरोपीने पोलिसांसमोर गुन्हा कबूल केल्याची बातमी येते, मग तो सुटतो कसा आणि हा नियम केव्हापासून आहे, असे आपण विचारले आहे. मी नागपूरच्या सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवतो. फिर्यादीचे नातेवाईकही हेच विचारतात.

मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने 1855 मध्ये नोंदवले की, महसूल व पोलीस खात्यांतील माणसे वसुलीसाठी आणि कबुलीसाठी रयतेचे हाल करतात. पुढे 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांसमोरची कबुली पुराव्यातून वगळली. 1872 च्या पुरावा कायद्यात ती तरतूद कलम 25 आणि 26 मध्ये आली, आणि 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे.

खरी गुंतागुंत पुरावा कायद्याच्या जुन्या कलम 27 ची. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या सांगण्याचा तेवढा भाग या कलमाने पुराव्यात चालतो. कोठडीतला आरोपी पंचांसमक्ष म्हणतो, "ज्या चाकूने मी त्याला भोसकले तो घराच्या छपरात लपवला आहे, काढून देतो." त्याचे निवेदन पंचनाम्यात उतरते, पंच त्याच्यामागे जातात आणि चाकू जप्त होतो. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1946 मध्ये ठरवून दिले की, छपरात चाकू लपवल्याचा भाग तेवढा वाचायचा, भोसकल्याचा सोडून द्यायचा. माझ्या मते मारहाणीला आजही वाव आहे तो इथेच, कारण वस्तू सापडली की आरोपीला बोलते कसे केले, हे फारसे कोणी विचारत नाही.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरची कबुली मात्र चालते. ती देण्यास आपण बांधील नाही, हे आरोपीला आधी सांगावे लागते, आणि त्याने नकार दिला तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. तरीही एकाची कबुली दुसऱ्याला फासावर नेण्यास पुरत नाही. गोंदियातील एका बालकाच्या खुनात नागपूर उच्च न्यायालयाने कायम केलेली काश्मीरा सिंग याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये रद्द केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे त्याआधी नागपूरचेच मुख्य न्यायमूर्ती होते. सहआरोपीची कबुली बाजूला ठेवून उरलेला पुरावा आधी तपासावा, असे त्यांनी बजावले, आणि आम्ही वकील तो निकाल आजही पुढे ठेवतो.

1999 च्या मकोकाचे (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचे) कलम 18 मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली ग्राह्य धरते, तीही सोबत खटला चाललेल्या सहआरोपीविरुद्धसुद्धा. केवळ हुद्दा मोठा म्हणून 1861 पासूनचा अविश्वास सैल करणे मला पटलेले नाही.