पुण्यात पेठेत घर घ्यायला कुठला महिना चांगला?

प्रश्न असा आहे: "पुण्यात पेठेत जुना टू बीएचके बघतोय, मिळेपर्यंत भाड्याने राहायची तयारी आहे. भाव कुठल्या महिन्यात उतरतात?"

पितृपक्षात. आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये, त्या पंधरा दिवसांपायी आमच्या हातातलं घर गेलंय म्हणून सांगतेय.

२०२० साल. आम्ही तेव्हा भाड्याने राहायचो, लॉकडाऊनमध्ये दोन खोल्यांत पाच माणसं, सासूबाई धरून. सरकारने १ सप्टेंबरपासून डिसेंबर अखेरपर्यंत स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली, आणि नेमका २ तारखेला पितृपक्ष लागला. त्यात त्या वर्षी सर्वपित्री झाल्यावर लगेच अधिक महिना, म्हणजे थेट १७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपर्यंत कोणी घर बघायलाच येईना. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट होता, मालकाचा मुलगा परदेशात, मालक एकटे, त्यांना बंगलोरला मुलीकडे जायचं होतं. बहात्तर लाख सांगत होते. मी गेले तेव्हा सकाळपासून पाऊस कोसळत होता, एजंट म्हणाला ताई उद्या या, मी म्हटलं नाही, आत्ताच बघायचं. सगळ्या खोल्यांतून भिंतींवर हात फिरवला, कपाट पुढे ओढून मागे हात घातला, खडखडीत कोरडी भिंत. खिडकीच्या चौकटीपाशी सुद्धा थेंब नाही. मालक म्हणाले चौसष्टला देतो, फक्त टोकन लगेच द्या, मला तिकीट काढायचंय.

नवरा तयार होता. थोरले दीर (आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो) म्हणाले पक्ष पंधरवड्यात विसार द्यायचा नाही, वडिलांचं श्राद्ध आहे आणि तुम्ही घराची बोलणी करताय. मी म्हटलं बरं, सर्वपित्री होऊ दे. मग म्हणाले आता अधिक आहे, दसऱ्याला देऊ, चांगला मुहूर्त. सासूबाई काही बोलल्या नाहीत आणि मीही गप्प बसले, ते मला अजून सलतं. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी एजंटचा फोन आला की अधिकातच एका कुटुंबाने टोकन देऊन टाकलं, त्याच किमतीला.

दसऱ्यानंतर तर सगळं पुणंच घर बघायला बाहेर पडलं, ती तीन टक्क्यांची सवलत ३१ डिसेंबरला संपणार होती ना. त्या गर्दीत आम्ही सदाशिव पेठेत एकोणसत्तरला घेतलं, गच्चीखालचा शेवटचा मजला, जागा आधीच्यापेक्षा लहान. डिसेंबरच्या कोरड्या हवेत बघितलं, नुकताच रंग दिलेला, वास येत होता रंगाचा, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि आठ दिवसांत मागच्या खोलीच्या भिंतीला पोपडे धरले, बोट लावलं की ओल्या पिठासारखा गिलावा हातात यायचा. सासूबाईंचा लग्नातला शालू त्या भिंतीच्या कपाटात होता, बाहेर काढला तर घडीघडीवर काळी बुरशी. त्या दिवशी त्या रडल्या. गच्ची सगळ्यांची म्हणून सोसायटीत दोन वर्षं नुसत्या मीटिंगा, शेवटी एक लाख दहा हजार खर्चून आम्हीच वॉटरप्रूफिंग करून घेतलं.

म्हणून सांगते, पेठेतलं जुनं घर पावसातच बघा. जुलै-ऑगस्टमध्ये बघून ठेवा, बोलणी पितृपक्षात करा. गणपतीत पण एक चक्कर मारा, घर बघायला नव्हे, आवाज ऐकायला. ढोलपथकांची प्रॅक्टिस आधीच महिना-दीड महिना नदीकाठी सुरू झालेली असते आणि विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते, लक्ष्मी रोडलगत राहायचं तर ते घरच्यांना झेपतं का बघा. नदीच्या बाजूला घेत असाल तर जुन्या शेजाऱ्यांना विचारा की १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी इथे कुठवर चढलं होतं, नारायण आणि शनिवार पेठेतल्या जुन्या घरांत हात वर करून दाखवणारी माणसं अजून भेटतात.

पाडवा-दसऱ्याला ऑफर असतात ना असं कोणी सांगेल. त्या बिल्डरच्या नव्या स्कीमना, बाणेर-वाघोलीकडे. पेठेत बहुतेक रीसेल, तिथे मुहूर्ताला मालक उलट ताठ होतो. मार्चमध्ये पण नको, १ एप्रिलला रेडी रेकनर (घरांचे सरकारी दर) बदलेल या भीतीने रजिस्ट्रेशन ऑफिसात उभं राहायला जागा नसते आणि मालकाला तुमची घाई दिसते.

भाड्याचं वेगळं आहे. जून-जुलैत ॲडमिशनमुळे भाडी चढतात, सदाशिव आणि नवी पेठेत तर एमपीएससीच्या मुलांमुळे खोली काय, कॉट (खोलीतली एका माणसापुरती जागा) सुद्धा मिळत नाही, आणि मालकाला चार मुलांकडून कॉट बेसिसवर जास्त सुटतं म्हणून तो फॅमिलीला नाहीच म्हणतो. करार अकरा महिन्यांचे, जूनला केलेला मेमध्ये संपतो, त्यामुळे खोल्या मेमध्ये सुटतात आणि पंधरा दिवसांत परत भरतात. तुम्ही दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत बघा, तेव्हा मालक डिपॉझिटवर ऐकतो. करार रजिस्टर करून घ्या, मालक टाळत असला तरी.

आता एक सांगायचं राहिलं, २०२० कोविडचं वर्ष होतं, त्यामुळे आठ लाख उतरतील असं दरवर्षी धरू नका. पण पितृपक्षात एजंटचा फोन वाजत नाही हे मी त्यानंतरही बघितलंय. आणि वाडा पाडून झालेली बिल्डिंग असेल तर जुन्या पागडीच्या भाडेकरूंचे हक्क मिटलेत का ते वकिलाकडून बघा, शनिवारवाड्याच्या शंभर मीटरच्या आत असेल तर पुढे रिडेव्हलपमेंट अडकतं, तिथे स्वस्त मिळालं तरी नको.

श्राद्ध आम्हीही करतो, दरवर्षी, पान वाढून. सासऱ्यांनी तीस वर्षं वाड्यातल्या एका खोलीत काढली, मुलांना स्वतःचं घर व्हावं एवढंच त्यांना वाटायचं, त्यांना विसाराची तारीख खटकली असती हे मला कधीच पटणार नाही. दादांना हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. यंदा त्यांचाच मुलगा घर शोधतोय, शुक्रवार पेठेत एक आवडलंय, आणि दादा परत दसऱ्याला बघू म्हणतायत. या वेळी मी त्यांच्यासमोर बोलले. पुतण्याला म्हटलं, पाऊस असेल त्या दिवशी मला फोन कर, मी येते भिंती बघायला.