ब्रुनोला वाइनरीत न्यावं का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमचा ब्रुनो पाच वर्षांचा लॅब्राडोर. मुलगी-जावई पुण्याहून नाशिकला येणार आहेत आणि जानेवारीअखेर आम्ही सगळे मिळून तिथल्या दोन-तीन वाइनरी बघणार आहोत. समृद्धी महामार्गाने गाडी घेऊन जाऊ. ब्रुनोला कुठे ठेवून गेलं की तो जेवण टाकतो, म्हणून त्यालाही न्यायचं मनात आहे. एका वाइनरीत फोन केला तर 'पेट फ्रेंडली आहे, बिनधास्त आणा' म्हणाले. ह्यांचं म्हणणं, 'मग आता डॉक्टरला काय विचारायचं?' तरी विचारते.
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, बरं झालं विचारलंत. वाइनरीवाल्यांनी परवानगी दिली, पण द्राक्षाने दिलेली नाही.

द्राक्षं, मनुका, बेदाणे हे सगळं कुत्र्याच्या किडनीला घातक आहे. किती खाल्लं की बाधतं याचा हिशेब लागत नाही. एखादा वाटीभर फस्त करून शेपूट हलवत फिरतो, दुसऱ्याला चार मणीही भोवतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते भरपूर असतं आणि जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे कमी-जास्त होतं. हिशेब न लागण्याचं कारण तेच असावं. चिंचेतही हेच आम्ल असतं, तेव्हा चिंचेचा कोळ काढून उरलेला चोथाही ब्रुनोच्या तोंडी लागू देऊ नका.

माझ्याकडचीच एक केस सांगते. धरमपेठेत एका घरी सत्यनारायण होता. शिऱ्यासाठी निवडून ठेवलेली बेदाण्यांची वाटी त्यांच्या बीगलने टेबलावरून खाली ओढली आणि साफ केली. सुकामेवाच तर आहे, अंगी लागेल, असं म्हणून घरचे पूजेच्या गडबडीला लागले. रात्री त्याला उलटी झाली, तर त्यात पाणी पिऊन टम्म फुगलेले बेदाणे, अख्खेच्या अख्खे. पोटात तासन् तास तसेच पडून होते. उलटीवर निभावलं असेल म्हणून मंडळी निर्धास्त झाली असती, पण सुनेने हट्टाने त्याला माझ्याकडे आणलं. दोन दिवस सलाइन, किडनी कशी चालते ते बघायला रोज रक्तातलं क्रिएटिनिन, लघवी किती होते त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष. वाचला तो. या विषाचा डाव असाच असतो : आधी उलट्या, मग कुत्रं मलूल होऊन अन्नाला तोंड लावत नाही, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत होत बंद पडते. यावर उतारा असं औषध नाही. पोटातलं वेळेत बाहेर काढणं आणि किडनी धुतली जाईल इतकं सलाइन देणं, एवढंच आमच्या हातात असतं.

आता तुमचा जानेवारी. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. माणसांना बघायला हाच हंगाम झकास : भरलेले क्रेट, ट्रॅक्टर, द्राक्षं पायाने तुडवायचे कार्यक्रम. लॅब्राडोरला न्यायला मात्र याहून वाईट हंगाम नाही. वेलीखाली गळालेले मणी, क्रेटमधून सांडलेले घड, आणि वाइनरीच्या मागच्या अंगाला रस काढून टाकलेल्या साली-बियांचा आंबूस ढीग. त्या ढिगात द्राक्षही आलं आणि अल्कोहोलही. लॅब्राडोर आधी गिळतो आणि काय गिळलं ते मग बघतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट टाक्यांच्या हॉलची. रस आंबत असताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साठतो. गाइडचं बोलणं ऐकत उभ्या असलेल्या तुमचं नाक पाच फुटांवर, ब्रुनोचं दीड फुटावर. तुम्हाला काही जाणवायच्या आत त्याचा श्वास कोंडेल. बहुतेक ठिकाणी उत्पादनाच्या भागात कुत्रं नेऊ देत नाहीतच. पण कोणी कौतुकाने 'आणा हो आत' म्हणालं, तरी नेऊ नका.

तिसरी फवारणी. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की केवडा आणि भुरी हे वेलीचे रोग येऊ नयेत म्हणून बागेत औषधांचा मारा सुरू होतो. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तर पानांवर निळसर दिसतंच, बाकीची औषधं दिसतही नाहीत. ब्रुनो त्या गवतातून फिरणार आणि हॉटेलवर येऊन पंजे चाटत बसणार. बागेतल्या माणसाला 'शेवटची फवारणी कधी झाली?' असं सरळ विचारा. बाहेर पडल्यावर त्याचे पाय आणि पोट साध्या पाण्याने धुऊन, पुसून मगच गाडीत घ्या.

आणि ते 'पेट फ्रेंडली'. त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच, की लॉनवरच्या चार टेबलांपाशी कुत्रं बांधून बसता येईल. टेस्टिंग रूममध्ये, रेस्टॉरंटमध्ये, राहायच्या खोलीत चालेल का, शनिवार-रविवारच्या गर्दीतही चालेल का, हे एकेक करून विचारा आणि उत्तर व्हॉट्सअपवर लेखी घ्या. लॉनवर सावली आहे का तेही विचारा. नसली की लोक 'दहाच मिनिटं' म्हणत कुत्र्याला गाडीत ठेवतात. नाशिकची जानेवारीतली दुपार नागपूरकराला थंड वाटेल, पण उन्हात उभ्या बंद गाडीचं तापमान तेवढ्या वेळातही दहा-एक अंशांनी चढतं.

एवढं वाचूनही जानेवारीतच न्यायचं असेल, तर आत्तापासून त्याला जाळीच्या मुसक्याची सवय लावा. त्यात जीभ बाहेर काढून धापता येतं, पाणी पिता येतं, फक्त जमिनीवरचं उचलता येत नाही. सुरुवातीला मुसक्यात पनीरचा तुकडा ठेवून त्याला आपणहून तोंड घालू द्या. पट्टा आखूड हवा, तो लांबत जाणारा दोरीवाला नको. पट्टा धरणारी व्यक्ती त्या दिवशी वाइन पिणार नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवा. माझा अनुभव असा, की हे काम शेवटी घरातल्या बाईच्या गळ्यात पडतं. या खेपेला ते जावईबापूंकडे द्या. आणि हॉटेल बुक करायच्या आधी नाशिकमध्ये रात्रीही उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना शोधून नंबर फोनमध्ये ठेवा. द्राक्ष खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी पहिल्या दोन तासांत तिथे पोचा, उलटी काढायचं काम डॉक्टरांचं. घरी मिठाचं पाणी पाजू नका. त्याने रक्तातलं मीठ वाढून दुसरंच संकट उभं राहतं.

प्रवासाचं थोडक्यात. समृद्धीने इगतपुरीजवळच्या भरवीरपर्यंतच ६०० किलोमीटर होतात, आणि रस्ता इतका सरळ की गाडी थांबवायचं मनातच येत नाही. ब्रुनोला दर दोन-अडीच तासांनी पाणी आणि मोकळं व्हायला जागा हवी. पेट्रोलपंपावरच थांबा, रस्त्याच्या कडेला नाही, आणि दार उघडण्याआधी पट्टा हातात असू द्या. निघण्यापूर्वी तीन-चार तास जेवण नको. सकाळी तुम्ही तर्री-पोहे खाऊन निघाल, त्यातला घासही त्याला नको. कांदा कुत्र्याला बाधतो. गाडी लागत असेल तर गोळी आहे, पण ती वजन बघून द्यायची असते, तेव्हा दवाखान्यात येऊन घ्या.

परतताना डिकीत बाटल्या असतीलच. समृद्धी वर्ध्यातून जाते आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. हा माझा प्रांत नाही, पण किती नेता येतात आणि परवाना कोणता लागतो ते राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ऑफिसात आधी विचारून घ्या.

माझ्यावर सोडाल तर ब्रुनोची सहल जुलै-ऑगस्टमध्ये करा. तेव्हा वेलींना हिरवी पानं असतात, घड नसतात. हवा गार असते, गंगापूर धरणाकडचे डोंगर हिरवेगार झालेले असतात आणि वाइन तर बाराही महिने मिळते. पावसाळ्यात गोचीड, साप आणि साचलेलं पाणी याची काळजी आहेच. गोचिडाचं औषध आधी द्या, लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस झाली आहे का ते कार्डावर बघा, उंच गवतात सोडू नका. जानेवारीत तुम्ही दोघं जाऊन या आणि ब्रुनोला घरीच राहू द्या. त्याच्या ओळखीचं कोणी घरी येऊन राहिलं, तर तो जेवतो की नाही ते बघा. आपल्याच घरात बहुतेक जेवतात.

प्रश्न : आमचे भाऊजी पार्टीत आमच्या पॉमेरियनला बोटाने बिअर चाटवतात. 'काही होत नाही' म्हणतात. खरंच होत नाही का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊजींचं वजन ऐंशी किलो धरलं तर तुमच्या पॉमेरियनचं तीन-चार. बोटभर चाटल्याने तो लगेच पडणार नाही, पण चव लागली की खाली ठेवलेल्या ग्लासात तोंड घालेल. लहान कुत्र्याची साखर आणि अंगातली ऊब दारूने झपाट्याने उतरते, श्वास मंदावतो. वाइन बिअरच्या दुपटीहून कडक. झोकांड्या खाताना बघून लोक हसतात, व्हिडिओ काढतात; ती विषबाधा असते. भाऊजींना ताक द्या.

प्रश्न : मांजराला वाइनरीत नेलं तर चालेल का? पिंजऱ्यात शांत बसते.
– एक वाचक, सदर

उत्तर : शांत बसत नाही, घाबरून गप्प बसते. घरी ठेवा.