वाचकांचे प्रश्न : बुद्धी देवाने दिली की उत्क्रांतीने?

प्रश्न : आमच्याकडे दर गणपतीत हा वाद निघतो. मुलगी जीवशास्त्र शिकते. तिच्या मते बुद्धी उत्क्रांतीतून आली. मला पटत नाही. कंदमुळं खाणाऱ्या, शिकार करणाऱ्या माणसाला गणित आणि रागसंगीत कळेल एवढी बुद्धी लागतच नव्हती. निसर्ग गरजेपुरतंच देतो म्हणतात, मग हे जास्तीचं दिलं कोणी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : हीच शंका ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी काढली होती. १८५८ साली लंडनच्या लिनियन सोसायटीत नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विन आणि वॉलेस या दोघांच्या नावाने मांडला गेला. पण १८६९ मध्ये वॉलेस यांनी लिहिलं, की जंगलात राहणाऱ्या माणसाचा मेंदू जवळजवळ युरोपातल्या विद्वानाच्या मेंदूएवढाच आहे आणि त्याच्या रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून माणसापुरता तरी यामागे एखाद्या उच्चतर बुद्धीचा हात मानावा लागेल. डार्विन हादरले. ‘तुमचं आणि माझं अपत्य तुम्ही पुरतं मारून टाकलं नसेल, अशी आशा करतो,’ असं त्यांनी वॉलेसना कळवलं.

वॉलेस यांचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला. रानातलं जगणं सोपं, हे त्यांनी गृहीत धरलं. माग काढायचा, शेकडो वनस्पतींतली विषारी कोणती आणि औषधी कोणती हे लक्षात ठेवायचं, पाण्याचा अंदाज बांधायचा, टोळीतल्या प्रत्येकाचे रुसवेफुगवे सांभाळायचे, हे सगळं शिकूनच येतं. निवड झाली ती शिकण्याच्या क्षमतेची. एकदा ती आली, की तिच्यावर काय चढवायचं ते संस्कृती ठरवते. लेखन जेमतेम ५,००० वर्षांचं आहे. तेवढ्या काळात वाचनासाठी नवा अवयव तयार होणं शक्यच नव्हतं. आपण वाचायला शिकतो तेव्हा मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूचा, चेहरे आणि वस्तू ओळखणारा भाग अक्षरांच्या कामाला जुंपला जातो. प्रौढपणी साक्षर झालेल्यांच्या मेंदूतही हा बदल दिसतो. आपलं ‘जास्तीचं’ बरंचसं असं आहे: जुनं अवजार, नवं काम.

मेंदू एका झटक्यात मोठा झाला नाही. चिंपांझीचा मेंदू साधारण ४०० घनसेंटिमीटर. ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘लुसी’ या मानवसदृश मादीच्या जातीचा ४५०च्या आसपास. मग जुन्या मानवजाती: होमो हॅबिलिस ६००च्या आगेमागे, होमो इरेक्टस ६०० ते ११००, आणि आपण सरासरी १३५०. निअँडरथाल या नामशेष झालेल्या आपल्या भाऊबंदाचा आपल्याइतका किंवा थोडा मोठाच. पण नुसत्या आकारावर जाऊ नये. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या बुटक्या माणसाचा मेंदू चिंपांझीएवढाच होता आणि त्याच्या हाडांबरोबर दगडी हत्यारं मिळाली आहेत. हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज चेतापेशी आहेत, आपल्या मेंदूत ८६ अब्ज. मात्र विचारांशी संबंधित बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, हत्तीच्या फक्त ५.६ अब्ज आणि आपल्या १६ अब्ज.

या पेशी वाढल्या कशा, याचा एक भक्कम धागा २०१८ साली मिळाला. पहिल्या गुणसूत्रावर नॉच-२-एनएल नावाची जनुकं आहेत. एका जुन्या जनुकाची नक्कल होताना चूक होऊन ती तयार झाली. चिंपांझी आणि गोरिलामध्ये या नकला निकामी आहेत. आपल्या पूर्वजांत ३० ते ४० लाख वर्षांपूर्वी त्या दुरुस्त होऊन कामाला लागल्या. गर्भाच्या मेंदूतल्या मूळपेशींना त्या चेतापेशी बनण्यापासून थोडा काळ रोखतात. मूळपेशी तेवढ्या जास्त वेळा दुभंगतात आणि शेवटी चेतापेशी जास्त मिळतात. पण सारख्या दिसणाऱ्या नकला शेजारीशेजारी असल्याने गुणसूत्राची जुळणी तिथे घसरते. एखादा तुकडा गळला तर बाळाचं डोकं लहान राहू शकतं, दुप्पट झाला तर मोठं होऊ शकतं. स्वमग्नता आणि स्किझोफ्रेनियाचा धोकाही वाढतो. मेंदू मोठा करणारी आणि आजाराला वाट देणारी जागा एकच आहे. आमच्या मते उत्क्रांतीचा याहून बोलका ठसा शोधून सापडणार नाही.

किंमतही मोठी आहे. वजनाच्या २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळीही शरीराची २० टक्के ऊर्जा खातो. पाच वर्षांच्या मुलात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे जातं. एवढा महागडा अवयव पिढ्यान्‌पिढ्या टिकला, म्हणजे तो त्या रानातसुद्धा रोज कमाई करत होता.

प्रश्न : दहावीला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ शिकवताना मेंदूची वाढ वर्गात कशी दाखवावी?
– एक शिक्षिका, जि. अहिल्यानगर

उत्तर : सुतळी पुरते. ७ मीटरचे दोन तुकडे घ्या आणि एका टोकाला एकत्र गाठ मारा. ही गाठ म्हणजे आपले आणि चिंपांझीचे समान पूर्वज. एक सुतळी चिंपांझीची, एक आपली. एकच सुतळी घेतलीत, तर चिंपांझीचाच माणूस झाला असा मुलांचा हमखास समज होतो. १ मीटर म्हणजे १० लाख वर्षं, १ मिलिमीटर म्हणजे १,०००. आजच्या टोकापासून मोजत आपल्या सुतळीवर खुणा करा: ३.३ मीटरवर केनियातली सर्वांत जुनी दगडी हत्यारं, ३.२ वर लुसी, १.५ वर चेन्नईजवळच्या अत्तिरम्पक्कमच्या हातकुऱ्हाडी, ३० सेंटिमीटरवर मोरोक्कोतले आपल्या जातीचे अवशेष, ५ मिलिमीटरवर लेखन. नर्मदाकाठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना मिळालेली प्राचीन मानवाची कवटी मुलांना जरूर सांगा. पण तिच्या वयाबद्दल मतभेद आहेत, तिची खूण करू नका. नेवासे आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या प्रवराकाठच्या हातकुऱ्हाडींनी धडा मुलांना जवळचा वाटेल.

कवटीची प्रतिकृती असेल तर आकारमानही मोजता येईल. वरचं झाकण काढा, आतली छिद्रं कणकेने बुजवा, मोहरी भरून पट्टीने सपाट करा आणि मोजपात्रात ओता. झाकण उलटं धरून तेही तसंच मोजा आणि दोन्ही आकडे मिळवा. पाणी वापरू नका, फटींतून गळतं. मोहरी ठोकली की बसते, नाही ठोकली तर सैल राहते आणि आकडा बदलतो. म्हणून दरवेळी सारखेच दहा टोले द्या आणि तीन मोजण्यांची सरासरी घ्या. (एकोणिसाव्या शतकात कवट्या मोजणारे अमेरिकी डॉक्टर सॅम्युएल मॉर्टन बियांच्या याच दोषामुळे शिशाच्या छऱ्यांकडे वळले. मुलांच्या हाती शिसं नको.) प्रतिकृती निम्म्या मापाची असेल तर आलेल्या आकड्याला दोनने नव्हे, आठने गुणा. हमखास चुकतं ते इथेच.

प्रश्न : हे सगळं मानलं तर ‘धियो यो नः प्रचोदयात्’ म्हणणं सोडायचं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : मुळीच नाही. तो मंत्र (ऋग्वेद ३.६२.१०) बुद्धीला प्रेरणा मागतो, बुद्धी कशी घडली याबद्दल तो काही सांगत नाही. सांख्य तत्त्वज्ञांनी तर बुद्धी सरळ प्रकृतीच्या, म्हणजे जड सृष्टीच्या, घरात ठेवली. प्रकृतीपासून महत् म्हणजे बुद्धी, तिच्यापासून अहंकार, मग मन आणि इंद्रियं. पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, वेगळा; तो फक्त साक्षी, पाहणारा. कॅथलिक पंथाने १९५० साली अशीच रेघ ओढली: शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास खुला, आत्मा मात्र थेट ईश्वराकडून. चेतापेशींच्या हालचालीतून ‘मला जाणवतंय’ हा अनुभव कसा उमटतो, हा प्रश्न आजही खुला आहे आणि श्रद्धेला तिथे बोलायला पूर्ण वाव आहे. चिपळूणच्या वाचकांनीही पुढच्या गणपतीत मुलीशी वाद घालावा तो या साक्षीवरून. मेंदूच्या आकारावर घातला, तर ती जिंकणार.